पुढच्या वर्षी एचिंग (धातूची प्लेट रसायनाने कोरून छापचित्र काढणं) घेतोयस म्हणून

तांब्यावर काम करणार असशील तर फेरिक क्लोराईड वापर. मात्र प्लेट उलटी किंवा उभी ठेव, नाहीतर गाळ रेषांत बसतो आणि बाइट, म्हणजे रसायनाचं धातू खाणं, अडतो. जस्त नायट्रिक ॲसिडमध्ये टाकलंस तर बुडबुडे पिसाने सारत राहा. खिडक्या उघड्या हव्यात. प्रत्येक बाइटची मिनिटं वहीत लिही. मी आळस केला, आणि ॲक्वाटिंटचा (रेषेऐवजी छटा देणाऱ्या पद्धतीचा) एक सुंदर काळा पुन्हा कधीच जमला नाही. कागद आदल्या रात्री भिजवून प्लास्टिकमध्ये गुंडाळ. छापचित्रकार कृष्णा रेड्डींचे प्रिंट कुठे दिसले तर नाक टेकवून बघ: एकच प्लेट, आणि शायांच्या कमीजास्त चिकटपणावर खेळवलेले रंग. एडिशन पाचचीच काढ. हुबेहूब पाच प्रती म्हणजे काय, ते तिसऱ्या प्रतीसाठी प्लेटवरची शाई पुसताना कळेल.