कोथरूडचा जुना फ्लॅट: स्वतः विकायचा की एजंटला द्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमध्ये १९९४ सालच्या इमारतीतला टू बीएचके, वडिलांच्या नावावर. वडील मागच्या वर्षी गेले, मृत्युपत्र नाही. आई आणि तुम्ही पुण्यात, भाऊ न्यू जर्सीत. अपेक्षा १ कोटी १० लाखांची. एजंट २ टक्के मागतोय, म्हणजे २ लाख २० हजार, आणि तो जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्के.

माझं मत विचाराल तर तुम्ही स्वतः विका. कोथरूडमध्ये गिऱ्हाईक शोधणं हे अवघड काम नाही. पण आधी एजंटचा विषय बाजूला ठेवा आणि कागद बाहेर काढा, कारण उद्या कुणी पूर्ण किमतीला तयार होऊन दारात उभं राहिलं तरी आजच्या स्थितीत तुम्ही त्याला फ्लॅट विकू शकत नाही. सोसायटीचा सचिव म्हणून बरीच वर्षं हस्तांतराच्या फायली माझ्या हाताखालून गेल्या आहेत. मी पाहिलेले बहुतेक व्यवहार किमतीवर अडले नाहीत. विसार (व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम) दिला-घेतला गेला, पेढे वाटले, आणि मग घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलाने कागद मागितले, तिथे अडले.

तुम्ही लिहिलंय की आईचं नॉमिनेशन आहे, त्यामुळे अडचण नाही. अडचण आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९ च्या सहकार कायद्यातल्या दुरुस्तीनंतर वारस ठरेपर्यंत सोसायटी नॉमिनीला तात्पुरतं सदस्य करून घेते, तेवढंच. मालकी वारसांची. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ असे तीन समान हिस्से होतात. वडिलांची आई, म्हणजे तुमची आजी हयात असेल, तर तिचाही तेवढाच हिस्सा. हे लोक हमखास विसरतात आणि ऐन वेळी वकील बोट ठेवतो. तेव्हा एक तर सगळ्या वारसांनी खरेदीखतावर सह्या करायच्या, नाही तर बाकीच्यांनी आईच्या किंवा तुमच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. वारसांच्या नावावर हस्तांतर करताना सोसायटीला प्रीमियम, म्हणजे हस्तांतराची रक्कम, घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. पुढे बाहेरच्या माणसाला विकताना महापालिका हद्दीत प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्यावर ‘देणगी’ मागितली तर नियम दाखवा.

भावाचं प्रकरण त्याहून महत्त्वाचं. फ्लॅटची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की घेणारा तुमच्या आणि आईच्या रकमेतून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून भरेल, तो सरळ मामला. भाऊ अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्याला हा १ टक्क्याचा नियम लागू नाही. तिथे १२.५ टक्के आणि वर सेस, आणि बहुतेकदा घेणारा तो नफ्यावर न धरता भावाच्या पूर्ण रकमेवर कापतो, कारण चुकलं तर आयकर खातं त्याला पकडतं. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी मिळवता येतं, पण त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज गिऱ्हाईक मिळायची वाट न पाहता करायचा. अनेक घेणारे तर अनिवासी मालक आहे म्हटल्यावरच पाय मागे घेतात. भाऊ इथे येऊन सही करणार नसेल तर त्याला तिथल्या भारतीय वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) साक्षांकित करून पाठवावं लागेल आणि ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावं लागेल. यातलं एकही काम एजंट करणार नाही, त्याने करावं अशी अपेक्षाही चूक. हे चांगल्या वकिलाचं आणि सीएचं काम आहे आणि त्यांची फी ठरावीक असते, किमतीच्या टक्क्यात नसते. वाचलेल्या दलालीतून ते पैसे मोकळ्या हाताने खर्च करा.

सीएला आणखी एक विचारा, विक्रीच्या नफ्यावरच्या कराबद्दल. वडिलांनी फ्लॅट एप्रिल २००१ च्या आधी घेतला असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं. निवासी वारसाला सरळ नफ्यावर १२.५ टक्के किंवा खरेदी किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के, यातलं कमी बसेल ते निवडता येतं. भावाला ही निवड नाही.

आता किंमत. जाहिरातींमधले आकडे बघून किंमत ठरवू नका, ते मालकांच्या मनातले आकडे असतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्च आहे. तिथे वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून आपल्या आणि शेजारच्या इमारतींचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे उतारे, काढा. प्रत्यक्षात कोणत्या मजल्याचा फ्लॅट कितीला नोंदला गेला ते कळतं. रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला, दरही बघून ठेवा. आणि घेणाऱ्याच्या खिशाचाही हिशेब करा: १ कोटी १० लाखांवर पुण्यात ७ टक्क्यांनी ७ लाख ७० हजार मुद्रांक शुल्क, वर ३०,००० नोंदणी फी. खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत, म्हणजे १ लाख १० हजार वाचतात. घासाघीस अडली की ही गोष्ट सुचवा, किंमत कमी न करता व्यवहार पुढे सरकतो.

जाहिरातीत ‘एजंट क्षमस्व’ लिहिलंत तरी पहिले फोन एजंटांचेच येतील, ‘पार्टी तयार आहे’ म्हणून. शांतपणे नाही म्हणा. येणारं गिऱ्हाईक दोन प्रश्न नक्की विचारेल: भोगवटापत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आहे का, आणि सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरण झालंय का, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का. तुमच्या भागात पुनर्विकासाची चर्चा असल्याने दुसऱ्या प्रश्नाला फार वजन आहे. सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केला असेल तर तो लपवू नका. बिल्डरकडून पुढे मिळणारं भाडं आणि कॉर्पस (एकरकमी मोबदला) कोणाचं, हे करारातच लिहा.

रोख रकमेचा विषय निघेलच. ‘२० लाख रोख घ्या, दोघांचा फायदा.’ स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याला मंजूर नाही आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होतो. अशा माणसाला चहा पाजा आणि निरोप द्या.

विसार घेतल्यापासून ताबा देईपर्यंतचा काळ सगळ्यात थकवणारा. बँकेचा मूल्यांकन करणारा येतो, वकील सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) काढतो, मध्येच १९९४ च्या कराराची नोंदणी पावती मागतो. चांगला एजंट आपले पैसे इथे कमावतो: दोन्ही बाजूंचे फोन घेतो, बँकेत खेटे घालतो, चिडलेल्या माणसाला शांत करतो. तुमच्या घरातल्या कोणाला हे कामाच्या दिवशी, दुपारी, जमणार आहे का? हे प्रामाणिकपणे ठरवा. विसार पावतीवर मात्र मुदत, कर्ज नामंजूर झालं तर काय, आणि कोणी माघार घेतली तर किती रक्कम जाणार, हे तिन्ही लिहा. साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) नोंदवून घ्या. पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय किल्ली देऊ नका, ‘फक्त रंग लावून घेतो’ म्हटलं तरी.

कागद तयार झाल्यावर दोन-तीन महिने स्वतः प्रयत्न करा. नाही जमलं तर एजंट घ्या, पण एकच. चौघांना दिलात तर चार वेगवेगळ्या किमतींनी तोच फ्लॅट सगळीकडे दिसतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, यात काहीतरी गडबड आहे. १ टक्क्याला तयार होणारे भले एजंट कोथरूडमध्ये मिळतात. दर लेखी ठरवा, दलाली नोंदणीच्या दिवशी द्या, विसाराची रक्कम त्याच्याकडे ठेवू नका, मूळ कागद घराबाहेर जाऊ देऊ नका. त्याने आणलेल्या माणसाशी परस्पर व्यवहार करून त्याची दलाली बुडवू नका, ते हक्काचे पैसे आहेत. दलाली चेकने देऊन पावती घ्या, ती रक्कम भांडवली नफ्यातून वजा होते.