बायबल वाचायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही बायबलच्या अभ्यासाकडे वळताय, याचा मनापासून आनंद झाला. फक्त पहिल्या पानापासून ओळीने वाचत जाऊ नका. बरेच जण उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तके उत्साहाने संपवतात, पण तिसऱ्या, लेवीयमधल्या यज्ञविधींत अडकून पुस्तक मिटून ठेवतात.

आधी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा वृत्तांत, घ्या. १६ अध्याय, चार शुभवर्तमानांत सर्वांत छोटे. दीड-दोन तासांत होते आणि ते एका बैठकीतच वाचा. तुकडे पाडले की त्यातला वेग हरवतो. मग लूककृत शुभवर्तमान आणि लगेच प्रेषितांची कृत्ये (पहिल्या ख्रिस्ती मंडळीची कहाणी), कारण ही दोन्ही एकाच लेखकाची मानली जातात. सोबत रोज स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र.

या चुका टाळा:
- सुटे वचन उचलून अर्थ लावणे. निदान तो अख्खा अध्याय वाचा.
- मूळ मजकुराआधी भाष्ये वाचणे.
- थेट प्रकटीकरणात, म्हणजे प्रतीकांनी भरलेल्या शेवटच्या पुस्तकात, शिरणे.

मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ जरूर घ्या, भाषा फार प्रवाही आहे. ईश्वरविज्ञानातले एकच सांगायचे तर ख्रिस्ती धर्मपंडित अथानासियसने चौथ्या शतकात देहधारणेवर (देवाने येशूत मानवरूप घेण्यावर) लिहिलेले छोटेसे पुस्तक. ग्रीक, हिब्रू, त्रैक्याचे (पिता, पुत्र, पवित्र आत्मा असा एकच देव) वाद सध्या राहू द्या. मार्क वाचताना पडलेले प्रश्न लिहून ठेवा आणि इथे विचारा.