पिल्लं घरट्याच्या बॉक्समधून काढायची का?

प्रश्न : आमच्या कॉकटीलच्या (तुऱ्याच्या छोट्या पोपटांच्या) जोडीला पहिल्यांदाच पिल्लं झाली आहेत. चार अंड्यांतून तीन निघाली. थोरलं पंधरा दिवसांचं, धाकटं अकरा. ज्यांच्याकडून जोडी आणली ते म्हणतात, आत्ताच काढून सिरिंजने भरवा, नाहीतर माणसाळणार नाहीत. लेक हट्टाला पेटली आहे. आम्ही दोघंही नोकरीला जातो. काय करावं? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मग दुपारी दोनला कोण भरवणार? या वयात दर चार तासांनी भरवावं लागतं, पहाटे सहा ते रात्री दहा-अकरापर्यंत. तीन आठवड्यांनंतर दिवसातून चार वेळा. आणि हे महिनाभर तरी चालतं, कारण कॉकटील सात ते दहा आठवड्यांची होईतो पूर्णपणे स्वतःहून खायला लागत नाहीत. तुमच्या घरी हे जमणार नाही, आणि त्याची गरजही दिसत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मिरजेला मी नेमकं हेच केलं. फॉर्म्युला, म्हणजे पिल्लांच्या पावडरीचं कालवलेलं खाणं, मायक्रोवेव्हमध्ये गरम केला, बोट बुडवून बघितलं, कोमट वाटला. पण मायक्रोवेव्हमध्ये वाटीतला एखादा भाग चांगलाच तापतो आणि बोटाला तो कळत नाही. आठवड्याने एका पिल्लाच्या गळ्याखाली खपली दिसली, मग भोक पडलं आणि भरवलेलं तिथूनच छातीवर ओघळायला लागलं. ते गेलं. तेव्हापासून माझ्याकडे थर्मामीटर असतो. खाणं 39 ते 41 अंश सेल्सिअस हवं. 43 च्या वर गळ्याखालची अन्नपिशवी भाजते, 38 च्या खाली गेलं तर खाणं पिशवीत तुंबून आंबतं.

आता तुमची जोडी काय करतेय ते बघा. कॉकटीलमध्ये नरही संसारात असतो, दिवसा साधारण तोच बॉक्समध्ये बसतो आणि रात्री मादी. झोपायच्या आधी टॉर्च घेऊन पिल्लांच्या गळ्याखाली बघा. पिशवी फुगलेली आणि पातळ कातडीतून दाणे दिसत असतील तर आईबाप चोख काम करताहेत, मध्ये पडू नका. धाकट्याची पिशवी सकाळी आणि संध्याकाळीही रिकामी असेल, अंग गार लागत असेल, किंवा आईबाप पिसं उपटत असतील, तरच हात घाला. तेव्हासुद्धा एकट्या धाकट्याला भरवून परत बॉक्समध्ये ठेवलं, तर बहुतेक जोड्या त्याला सांभाळून घेतात.

तशी वेळ आलीच तर पोपटवर्गाच्या पिल्लांची पावडर आणा, दरवेळी ताजी कालवा. दूध आणि लहान मुलांचं दुधाचं डब्यातलं खाणं नको, पक्ष्यांना दूध पचत नाही. वजनाच्या दहा टक्के भरवायचं, म्हणजे 60 ग्रॅमच्या पिल्लाला 6 मिली. वजन रोज सकाळी, भरवण्याआधी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करा. सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने घालून उजवीकडे रोखायची, कारण अन्ननलिका उजवीकडे असते. पिल्लू मान हलवत ओढून घेतंय तोवरच द्या. मान थांबली की तुम्हीही थांबा, नाहीतर खाणं फुप्फुसात जातं. रात्रीतून एकदा पिशवी पूर्ण रिकामी व्हायलाच हवी.

राहिला माणसाळण्याचा प्रश्न. त्याचा सिरिंजशी संबंध नाही, हातांशी आहे. थोरल्यापासून सुरुवात करा. रोज संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं एकेक पिल्लू सुती फडक्यात, लेकीच्या तळहातावर. गार पडू द्यायचं नाही आणि वेळेत परत ठेवायचं. पिल्लं चार-पाच आठवड्यांची होऊन बॉक्सबाहेर आली की लेकीच्या हातात राळ्याचं कणीस द्या. माझ्याकडचा सगळ्यात लाडिक नर असाच, आईबापानेच वाढवलेला आहे. विक्रेते ‘लहान असतानाच न्या, जीव लावेल’ म्हणतात, त्यात त्यांचा महिनाभराचा खर्च आणि जागरण वाचतं, हेही लक्षात घ्या.

प्रश्न : पावसात झाडावरून पोपटाचं पिल्लू पडलं. दूध-पोळी भरवून वाढवू का? — एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. दूध-पोळी बंद करा. ढोली दिसत असेल आणि सुरक्षित हात पोहोचत असेल तर पिल्लू परत ठेवा, माणसाचा वास लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. नाहीतर भोकं पाडलेल्या खोक्यात, उबदार फडक्यावर ठेवून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. आपल्याकडचा रानातला पोपट घरी पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे लळा लागायच्या आत फोन करा.