आपल्या फुटबॉल क्लबचा कारभार बिघडला असेल, तर चाहत्यांनी काय करावे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मालकांच्या कारभाराला कंटाळून क्लब बदलावा का, ही पहिली; आणि "क्लब ही मालकाची खासगी मालमत्ता आहे, घरबसल्या सामने पाहणाऱ्याने त्यात बोलू नये" असे म्हणणाऱ्या मित्राला काय उत्तर द्यावे, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते तुम्हालाही आधीच माहीत असणार, नाहीतर तुम्ही इतके तळमळून लिहिले नसते. दुसरा प्रश्न मात्र माझ्या वर्मी लागला, कारण तुमच्या मित्राचे हे वाक्य मी माझ्या आतेभावाकडून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे.

मी मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबचा चाहता आहे आणि तो झालो या आतेभावामुळेच; त्याला मी दादा म्हणतो. दादा व्यवसायाने कंपन्यांचे हिशेब पाहतो. 2005 साली अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने सुमारे 79 कोटी पौंडांना क्लब ताब्यात घेतला, तेव्हा दादाचे म्हणणे सरळ होते: ज्याने पैसे मोजले त्याचा क्लब, आपण खेळ पाहावा. त्या वेळी मला हिशेबातले फारसे कळत नव्हते, म्हणून मी गप्प बसत असे. पण हे पैसे मोजले कोणी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिला. त्या रकमेतला निम्म्याहून अधिक भाग कर्जाऊ होता, आणि त्या कर्जाचा मोठा हिस्सा खुद्द क्लबच्याच मालमत्तेवर तारण ठेवून काढलेला होता. तोवर अनेक दशके जवळपास कर्जमुक्त राहिलेला क्लब एका व्यवहारात कर्जबाजारी झाला, आणि तोही खेळाडू घेण्यासाठी किंवा मैदान बांधण्यासाठी नव्हे, तर स्वतःच विकत घेतला जावा म्हणून.

आमचा वाद खरा पेटला तो 18 एप्रिल 2021 च्या रात्री. युरोपातील 12 श्रीमंत क्लबांनी स्वतःची वेगळी ‘सुपर लीग’ जाहीर केली. तीत संस्थापक क्लबांना खाली घसरण्याची भीती नव्हती. मैदानावर काहीही झाले तरी त्यांची जागा कायमची राखीव होती. युनायटेड त्यात होता, इतकेच नव्हे तर जोएल ग्लेझर त्या लीगचे उपाध्यक्ष होते. मी संतापून दादाला फोन केला, आणि दादा शांतपणे म्हणाला, "अरे, त्यांच्या मालमत्तेचे काय करायचे ते त्यांनी ठरवावे. तू आजवर एकदा तरी मैदानावरच्या तिकिटाचे पैसे भरले आहेस का?" घरात सगळ्यांसमोर फोनच्या स्पीकरवर ऐकलेले ते वाक्य मला फार लागले. दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली, कारण त्यांचे चाहते रस्त्यावर उतरले होते; पण दादाचा प्रश्न तसाच उरला.

पुढे आम्ही भेटलो तेव्हा मी क्लबचा वार्षिक अहवाल छापून नेला होता. 2012 मध्ये क्लबचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदवले गेले, त्यामुळे त्याचे हिशेब कोणालाही वाचता येतात, आणि दादाला त्याच्याच भाषेत उत्तर देण्याचा हा एकच मार्ग मला दिसत होता. दादाने सवयीने पेन्सिल हातात घेतली आणि नफा-तोट्याच्या पत्रकावर वरून खाली जाऊ लागला. प्रसारणाचे उत्पन्न, प्रायोजकांचे उत्पन्न, सामन्याच्या दिवसाचे उत्पन्न, मग पगार, मग वित्तीय खर्चाची ओळ. तिथे त्याची पेन्सिल थांबली. मागच्या वर्षाचा स्तंभ पाहिला, त्याच्या मागचा पाहिला. व्याज कुठे कमी, कुठे जास्त, पण ओळ प्रत्येक वर्षी हजर. मग मी त्याला समभागांचे प्रकरण दाखवले. बाजारात विकलेल्या समभागाला एक मत, आणि कुटुंबाने स्वतःकडे ठेवलेल्या ‘ब’ वर्गाच्या समभागाला दहा मते. म्हणजे लोकांचे पैसे घ्यायचे, पण निर्णयाचा अधिकार त्यांच्याकडे जाऊ द्यायचा नाही, हे व्यवस्थित लिहून ठेवलेले होते. त्यात भर म्हणजे पुढे काही वर्षे नियमित लाभांशही वाटला गेला, आणि त्याचा सर्वांत मोठा वाटा कोणाकडे गेला असेल ते सांगायला नको.

दादाने अहवाल मिटला आणि म्हणाला, "कर्ज काढून धंदा विकत घेणे हा काही गुन्हा नाही. रोज होत असते." ते खरे आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात काही खोट नव्हती. पण कोणताही सावकार परतफेडीची खात्री असल्याशिवाय कर्ज देत नाही, आणि इथे ती खात्री कशाची होती? संघ हरला, तिकीट महागले, मैदानाचे छप्पर गळू लागले, तरी हे लोक दुसऱ्या क्लबकडे जाणार नाहीत, याची. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात आणि मी ‘नाही’ म्हणालो, त्या ‘नाही’वरच ते कर्ज उभे आहे. कागदावर मैदान तारण असेल, पण प्रत्यक्षात तारण ठेवली गेली ती चाहत्यांची निष्ठा, आणि ज्याची वस्तू तारण ठेवली जाते त्याला त्या व्यवहाराबद्दल विचारण्याचा हक्क असतो. तिकीट घेणाऱ्याला तो आहे, तसाच घरी बसून पाहणाऱ्यालाही आहे. कारण प्रसारणाचे हक्क कोट्यवधींना विकले जातात ते पाहणाऱ्या डोळ्यांच्या हिशेबावर, आणि प्रायोजक जगभरातून येतात तेही त्याच हिशेबावर. अहवालातल्या पहिल्या दोन ओळींत मी होतो, हे मी दादाला बोट ठेवून दाखवले.

उत्पन्न वाढले ना, असे दादा यावर म्हणतो, आणि तुमचा मित्रही म्हणेल. वाढले. व्यापारी करार करण्यात ही मंडळी तरबेज आहेत, हे मी नाकारत नाही. पण युनायटेडच्या मैदानाचा, ओल्ड ट्रॅफर्डचा, शेवटचा मोठा विस्तार 2006 मध्ये पूर्ण झाला, तोही आधीपासून ठरलेला. त्यानंतर लंडनमध्ये टॉटनहॅमने नवे मैदान उभारले, लिव्हरपूलने दोन बाजू वाढवल्या, आणि 2024 च्या मे महिन्यात आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या छतावरून पाण्याची धार प्रेक्षकांच्या जागांवर कोसळताना सर्वांनी पाहिली. वाढलेले उत्पन्न गेले कुठे, हा प्रश्न अशा वेळी विचारायचा असतो.

आता काय करावे, याकडे वळतो. सर्वांत आधी, प्रशिक्षकाला शिव्या घालणे थांबवा. 2013 मध्ये युनायटेडचे प्रशिक्षक फर्ग्युसन निवृत्त झाल्यापासून मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शेर, टेन हाग अशी रांग येऊन गेली, आणि प्रत्येक हकालपट्टीनंतर काही महिने मालकांना शांतता मिळाली. चाहत्यांचा राग प्रशिक्षकावर निघणे ही वाईट मालकाला सर्वांत सोयीची गोष्ट असते.

दुसरे म्हणजे, केवळ फलक आणि घोषणा यांवर माझा विश्वास नाही. 2010 मध्ये युनायटेडच्या चाहत्यांनी हिरव्या-सोनेरी रंगाचे गळपट्टे घालून निषेध सुरू केला. 1878 मध्ये न्यूटन हीथ या नावाने क्लब सुरू झाला त्या काळाचे ते रंग. मिलान या इटालियन क्लबकडून खेळायला आलेल्या, युनायटेडच्याच जुन्या खेळाडूने, बेकहॅमनेसुद्धा सामना संपल्यावर तो गळपट्टा गळ्यात घातला. दृश्य मोठे देखणे होते, मीही भारावलो होतो; पण गळपट्टा घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पुढच्या हंगामाचे पास पुन्हा घेतले आणि मालक जागचे हलले नाहीत. याउलट 2005 मध्येच ज्यांनी बाहेर पडून ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा सभासदांच्या मालकीचा क्लब काढला आणि खालच्या स्तरावर पुन्हा सुरुवात केली, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. दादा त्यांना हट्टी म्हणतो. मी त्यांना ताठ कण्याची माणसे म्हणतो.

मालकाला कळते ती रोखलेल्या पैशाची भाषा, आणि तीही एकजुटीने बोलली तरच. फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूलने सर्वांत महाग तिकीट 77 पौंडांचे करायचे ठरवले, तेव्हा संडरलंडविरुद्धच्या सामन्यात 77 व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर गेले. त्या वेळी लिव्हरपूल 2-0 ने पुढे होते. सामना 2-2 असा बरोबरीत सुटला, आणि काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. ब्लॅकपूलचे उदाहरण याहून कठोर आहे. 2010 मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च स्तरावर, प्रीमियर लीगमध्ये, पोहोचलेला हा छोटा क्लब पाहता पाहता चौथ्या स्तरापर्यंत घसरला, आणि मालक ऑयस्टन कुटुंबाने क्लबचा पैसा अवैधरीत्या बाहेर काढल्याचा निष्कर्ष 2017 मध्ये न्यायालयानेच काढला. तिथल्या चाहत्यांनी ‘आता एक पेनीही नाही’ असे ठरवून अनेक हंगाम स्वतःच्या मैदानावर पाऊल ठेवले नाही. 2019 मध्ये न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे क्लब गेला, तेव्हाच ते परतले. ज्या क्लबवर जीव आहे त्याच्याच मैदानाबाहेर वर्षानुवर्षे उभे राहणे काय असते, याची कल्पना ‘आवडत नसेल तर पाहू नका’ म्हणणाऱ्यांना नसते.

आणि मालक आत येण्यापूर्वीच अडवणे सर्वांत चांगले. 1998 मध्ये बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने युनायटेडसाठी 62 कोटी 30 लाख पौंडांची बोली लावली होती; छोट्या भागधारक चाहत्यांनी संघटित होऊन विरोध केला, प्रकरण मक्तेदारी आयोगाकडे गेले आणि एप्रिल 1999 मध्ये सरकारने तो व्यवहार रोखला. सहा वर्षांनी ग्लेझरांच्या वेळी तेच छोटे भागधारक हतबल झाले, कारण मोठ्या भागधारकांनी आपला हिस्सा विकला आणि एक मर्यादा ओलांडल्यावर उरलेल्यांचे समभाग सक्तीने घेता आले. चाहत्यांकडे कायदेशीर हिस्सा असणे आणि नुसती आपुलकी असणे यांतला फरक मला या दोन घटनांवरून समजला.

जर्मनीत हा फरक नियमातच आहे. तिथे सामान्यतः क्लबच्या व्यावसायिक कंपनीत निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांच्या मूळ संस्थेकडे राहतो. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्ग असे अपवाद आहेत, आणि लाइपझिगने मतदार सभासदांची संख्या अगदी मोजकी ठेवून नियमातला जीवच काढून घेतला आहे. तरीही 2023 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या लीगने प्रसारण उत्पन्नातील वाटा गुंतवणूकदाराला विकायचे ठरवले, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानांत टेनिसचे चेंडू फेकून सामने इतके वेळा थांबवले की फेब्रुवारी 2024 मध्ये लीगला तो बेत सोडावा लागला.

इथे दोन गोष्टी मान्य करायला हव्यात, नाहीतर तुमचा मित्र तुम्हाला कोंडीत पकडेल. सभासदांची मालकी म्हणजे आपोआप शहाणा कारभार नव्हे. बार्सिलोना सभासदांचाच क्लब आहे. 2021 मध्ये त्याचे कर्ज एक अब्ज युरोंच्या वर गेले होते आणि मेस्सीला ठेवणे त्याला जमले नाही. जर्मनीतला शाल्के हाही सभासदांचा, आणि तो त्याच वर्षी कर्जाच्या ओझ्यासह दुसऱ्या स्तरावर घसरला. सुपर लीगच्या अग्रभागी तर रियल माद्रिद आणि बार्सिलोना हेच होते. दुसरी गोष्ट, विरोधाचा अर्थ हिंसा नव्हे. 2 मे 2021 रोजी चाहते ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला, याचे मी समर्थन करतो. त्या दिवशी पोलीस जखमी झाले, याचे करत नाही.

दूर राहणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांनी काय करायचे, तर मैदानाजवळच्या चाहत्यांची जी नोंदणीकृत संघटना असेल तिचे म्हणणे ऐकावे आणि ती सांगेल तेव्हा खरेदी थांबवावी. आपले वेगळे आंदोलन चालवू नये, कारण तिकिटाची झळ त्यांना रोज बसते. 2024 च्या अखेरीस युनायटेडने हंगामाच्या मध्येच उरलेल्या तिकिटांचा किमान दर 66 पौंड केला आणि मुलांची व ज्येष्ठांची सवलतही काढली. तोवर जिम रॅटक्लिफ हे नवे भागीदार फुटबॉलचा कारभार पाहू लागले होते. मालक बदलला की सगळे सुरळीत होईल, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मी अधिकृत जर्सी घेणे केव्हाच बंद केले आहे. आपल्या दोन जर्सींनी काय होणार, असे दादा विचारतो. एकट्याने काहीच होत नाही, हे मलाही ठाऊक आहे, म्हणूनच संघटनेचे नाव घेतले. इंग्लंडमध्ये 2025 च्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला आहे, आणि क्लबचे बोधचिन्ह किंवा घरचे रंग यांत मोठा बदल करताना चाहत्यांचे मत आता डावलता येणार नाही. चाहत्यांनी वर्षानुवर्षे लावून धरले नसते तर हा कायदा झालाच नसता.

तुमचा क्लब कोणता, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्याचे हिशेब प्रसिद्ध होत असतील तर मित्राला घेऊन बसा आणि तीनच गोष्टी शोधा: विकत घेताना मालकाची स्वतःची रक्कम किती होती, कर्जाचे व्याज कोणाच्या खात्यातून जाते, आणि मताधिकार कोणाकडे आहे. मालकाने खरोखर स्वतःचे पैसे ओतले असतील, तर माझा कर्जाचा मुद्दा तुमच्या उपयोगाचा नाही. मग मित्राला चेल्सीचे उदाहरण द्या. त्या क्लबचे रशियन मालक अब्रामोविच यांनी क्लबला दिलेले सुमारे दीड अब्ज पौंडांचे कर्ज शेवटी सोडून दिले, इतका तो मालक उदार होता. आणि तरीही मार्च 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे ब्रिटिश सरकारचे त्यांच्यावर निर्बंध लागताच क्लबला नवी तिकिटे विकण्याचीसुद्धा मनाई झाली. यावर दादाकडे अजून उत्तर नाही.