आठवी-नववीच्या मुलांमध्ये टीमवर्क आणि संवाद वाढवायला कोणते गटखेळ घ्यावेत?

खेळांची नावं ढिगाने मिळतील. बिघडतं ते खेळ घेणाऱ्या मोठ्यांमुळे, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

शाळेच्या दिवाळी शिबिरात मी आठवीच्या पोरांना कामटीचा खेळ दिला होता. आकाशकंदिलाला लावतात तसली लांब, हलकी, तासलेली कामटी. चार-चार जण समोरासमोर, प्रत्येकाची फक्त तर्जनी आडवी, त्यावर कामटी. ती जमिनीवर टेकवायची. अट एकच, कुणाचंही बोट कामटीपासून सुटता कामा नये. ऐकायला पोरखेळ, पण कामटी चक्क वर जाते! बोट सुटू नये म्हणून जो तो किंचित वर रेटतो, आणि तिला वजन असं नसतंच. मग 'तू उचलतोयस', 'मी नाही, हा!' आरडाओरडा. तो होऊ द्यायचा असतो. भांडून दमली की पोरं थांबतात, एकमेकांकडे बघतात, कुणीतरी म्हणतं आकडे मोजू या, नाहीतर आधी सगळे गुडघ्यावर बसू या.

आमच्याकडे तिथवर गेलंच नाही. जरा कुठे रंग चढतोय तोच पीटीचे सर शिट्टी मारत मध्ये घुसले, सगळ्यात मोठ्या आवाजाच्या पोराला कॅप्टन केलं आणि स्वतःच 'एक, दोन, खाली' करत कामटी टेकवून घेतली. वर टाळ्या! स्टाफरूममधला आमचा वाद त्यांच्या निवृत्तीपर्यंत मिटला नाही. 'मॅडम, काम झालं ना?' अहो, काम तुमचं झालं. पोरं हुकूम ऐकायला शिकली, ते तर कवायतीतही शिकतात.

टॉम वुजेक या लेखक-वक्त्याने लोकप्रिय केलेलं मार्शमॅलो चॅलेंज बघा. 20 स्पॅगेटीच्या काड्या, गजभर चिकटपट्टी, गजभर दोरा, 18 मिनिटं. उभ्या मनोऱ्याच्या टोकावर मार्शमॅलो, म्हणजे एक मऊ, फुगीर गोड गोळी. वुजेक सांगतात की बालवाडीची पोरं नुकत्याच एमबीए झालेल्यांपेक्षा सरासरी उंच मनोरे बांधतात. मोठ्यांचा वेळ प्रमुख कोण हे ठरवण्यात जातो आणि मार्शमॅलो अगदी शेवटी ठेवला की डोलारा कोसळतो. पोरं पहिल्यापासून तो लावून बघत राहतात. कॅप्टन नव्हता हो सर त्यांच्यात!

संवादासाठी पाठीला पाठ लावून चित्र काढायला द्या. एकाने वर्णन करायचं, दुसऱ्याने काढायचं. पहिल्या फेरीत प्रश्न विचारायला बंदी, दुसरीत मुभा. दोन्ही फेऱ्यांचे कागद शेजारी ठेवले की तुम्हाला भाषण द्यावं लागत नाही. हा जोडीचा खेळ सोडला तर गट सहा ते आठ जणांचा, बक्षीस अजिबात नको. आणि खेळाइतकाच वेळ नंतरच्या गप्पांना ठेवा: कुणाचं म्हणणं ऐकलंच गेलं नाही, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

दहीहंडीचे थर लावताना, जिथे हाडं मोडू शकतात, तिथे मात्र शिट्टीवाला हवाच. एवढं सरांचं मान्य. आणि हात गुंफून गाठ सोडवायचा खेळ या वयाच्या मुलामुलींना एकत्र देऊ नका. हात धरायच्या लाजेतच तास संपतो.