स्टारचा तक्ता काढू की ठेवू?

ताई, तुमचं म्हणणं असं की पाचवीच्या वर्गात गृहपाठाला स्टार द्यायला सुरुवात केली, पहिले दोन आठवडे वह्या एकदम चकाचक, आणि आता काहीही सांगितलं की पोरं आधी विचारतात "बाई, याला स्टार आहे का?", दोघंतिघं तर सरळ शेजारच्याचं उतरवून आणतात, आणि मिस्टरांच्या कंपनीतल्या अवॉर्डचंही तेच रडगाणं, मग तक्ता काढून टाकू का. लगेच काढू नका. का ते सांगतो, जरा लांबेल.

मी आधी अकरा वर्षं गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत शॉप फ्लोअरवर होतो, आता बरीच वर्षं आयटीआयला फिटर ट्रेड शिकवतोय. मानसशास्त्र वाचलं ते माती खाल्ल्यावर. झालं असं की पहिल्या वर्षाच्या पोरांना फायलिंगचा, म्हणजे कानस मारायचा, जाम कंटाळा, दिवसभर उभं राहून लोखंड घासायचं, म्हणून मी दर शनिवारी बेस्ट जॉबला, म्हणजे घासून आणलेल्या तुकड्याला, बक्षीस लावलं. तिसऱ्याच शनिवारी एक जॉब आला, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं हत्यार) लावला तर फटीतून उजेडाची रेघसुद्धा दिसेना, मी खूश, मग नीट बघितलं तर फाईलच्या रेघाच नाहीत. पठ्ठ्यानं ग्राइंडरवर मारून आणला होता! मी चिडलो, पण घरी गेल्यावर वाटलं की त्यानं माझंच ऐकलं की. मी बक्षीस गुळगुळीत तुकड्याला लावलं होतं, हात बसण्याला नाही.

तुमच्याकडे तेच चाललंय. स्टार भरलेल्या वहीला आहे, म्हणून वही भरून येतेय.

यावर १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता. चित्रं काढायची आवड असलेलीच मुलं निवडली, काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी ठसा आणि रिबिन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल, काहींना चित्र झाल्यावर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. आठवडाभरानं वगैरे तेच रंग खेळायच्या वेळात नुसते ठेवले, तर कबूल करून प्रमाणपत्र दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक मिळालेल्यांचं काहीच बिघडलं नाही. म्हणजे दोष बक्षिसात नाही, 'तू हे करशील तर मी ते देईन' या बोलीत आहे. बोली लागली की पोराला वाटतं, हे काम तसं भिकारच असणार, नाहीतर बाई पैसे कशाला मोजतायत.

पण यावरून बक्षीस वाईटच असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. ती मुलं आधीपासून चित्रांची वेडी होती, आणि माझ्या पोरांना फायलिंगची काडीची आवड नव्हती, जी आवड नाहीच ती मरणार कशी. नुसतं हजर राहणं, वेळेवर येणं, हत्यार जागेवर ठेवणं अशा मोजता येणाऱ्या गोष्टींना हिशोब चालतो. आपल्याकडचंच उदाहरण आहे, राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर संस्थेच्या एकशिक्षकी शाळांमध्ये शिक्षकांना कॅमेरे दिले, शाळा उघडताना आणि सुटताना मुलांसोबत फोटो, त्यावर तारीख-वेळ उमटलेली, आणि पगार हजर दिवसांवर. दहा दिवसांच्या वर प्रत्येक दिवसाला ५० रुपये. कॅमेरे नसलेल्या शाळांत शिक्षकांची गैरहजेरी ४२ टक्के, कॅमेरेवाल्या शाळांत २१, आणि तिथल्या मुलांचे मार्कही वाढले. डुफ्लो, हॅना आणि रायन यांचा हा अभ्यास आहे.

त्याच जिल्ह्यात मग नर्सबाईंना हजेरीचं मशीन लावलं. सुरुवातीला हजेरी सुधारली, पण वरच्या ऑफिसातनं 'आज सूट' असे दिवस मंजूर व्हायला लागले आणि सोळा महिन्यांत सगळं पाण्यात. योजना कागदावर कितीही शहाणी असू दे, साहेबानंच भोक पाडलं तर काय उपयोग.

शिक्षकांच्या त्या ५० रुपयांची मेख नीट बघा, दहाच्या पुढे प्रत्येक दिवस वेगळा मोजला जायचा. आमच्या कंपनीत उलटं होतं, महिनाभर एकही खाडा नाही तरच अटेंडन्सचे पैसे. चार तारखेला एखाद्याचं पोर आजारी पडलं, खाडा झाला, की तो म्हणायचा आता गेलेच ना पैसे, मग उरलेल्या महिन्यात लग्न, बारसं, शेतातलं काम सगळं उरकून घ्यायचा! तुमच्या तक्त्यावर 'आठवडाभर सलग असेल तर मोठा स्टार' असं काही असेल तर ते आधी काढा, सोमवारी चुकलेलं पोर मंगळवारी कशाला धडपडेल.

आता तक्ता एकदम का काढायचा नाही. इस्रायलमध्ये हैफाच्या काही पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना १० शेकेल दंड लावला, तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाला. आधी पाळणाघरातल्या बाईंना ताटकळत ठेवायची लाज वाटायची, आता पैसे भरले की झालं. पुढे दंड बंद केला तरी उशीर खाली आलाच नाही. एकदा भाव ठरला की भाव काढल्यावर लाज आपोआप परत येत नाही. म्हणून तक्ता एका साध्या सवयीपुरता ठेवा, वही आणली की नाही एवढंच, मुलांना आधीच सांगा की हा दिवाळीपर्यंत आहे, आणि हळूहळू रोजचा स्टार दोन दिवसांनी, मग आठवड्यानं करा.

गणितं बरोबर आली का, निबंध कसा झाला याला स्टार नकोच. तिथे मी काय केलं ते सांगतो. बक्षीस बंद केलं आणि पोरांना म्हटलं, जॉब दाखवायच्या आधी व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायचं हत्यार) स्वतः मोजायचा, वहीत लिहायचं, मग माझ्याकडे यायचं. मी शाब्बास पण म्हणायचो नाही आणि ओरडायचो पण नाही, फक्त "डाव्या कोपऱ्यात अर्धा मिलिमीटर जास्त उडालाय, का उडाला असेल?" पहिले काही आठवडे तोंडं पाडून बसली. मग एकमेकांचे जॉब मोजायला लागली, दुपारच्या सुट्टीत. डेसी आणि रायन (हे रायन वेगळे) या मानसशास्त्रज्ञांनी माणसाला लागणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्यात, स्वतःच्या मर्जीनं करतोय असं वाटणं, जमतंय हे कळणं आणि आपली म्हणावीत अशी माणसं आजूबाजूला असणं. मला ते त्या दुपारी दिसलं. (कंपनीत ट्रेनिंगला येणारा प्रत्येक साहेब मास्लो या मानसशास्त्रज्ञाचा, माणसाच्या गरजांचा पिरॅमिड दाखवायचा. मास्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिड नाहीच, पण स्लाइडवर झकास दिसतो.)

मिस्टरांच्या कंपनीचं थोडक्यात. महिन्याला एकालाच अवॉर्ड म्हणजे बाकीच्या सगळ्यांना 'तुम्ही नाही' हा निरोप, त्यात तो साहेबाच्या मर्जीतला निघाला तर विषयच संपला. आणि कॅन्टीन, पंखे, वेळेवर पगार यांची बोंब असेल तर आधी ती मिटवा, हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्येच लिहिलंय की या गोष्टी नसल्या तर माणूस धुसफुसतो, आणि असल्या म्हणून काही कामाला पेटत नाही. त्याच्या सिद्धांतावर वाद खूप झाले, पण आमच्या कॅन्टीनच्या डाळीपुरता तरी तो खरा होता.

राहिली उतरवून आणणारी मुलं. माझ्या त्या ग्राइंडरवाल्याला मी ओरडून झाल्यावर व्हाईसशी (जॉब आवळून धरायचा शिकंजा) उभं केलं आणि समोर फाईल मारायला लावली. तेव्हा दिसलं की व्हाईस त्याच्या उंचीला फार वर होता, कोपर उचलला जायचा, त्यामुळे फाईल हलायची आणि जॉब कायम मधे फुगलेला, म्हणजे मुकाट्यानं फाईल मारली असती तरी त्याचा जॉब कधी सपाट आलाच नसता. पायाखाली लाकडी फळी दिली. तुम्ही त्या दोघांतिघांना वर्गासमोर उभं करू नका, शेजारी बसवून एकच गणित करून घ्या. कोणत्या पायरीला अडतायत ते बघा आणि मग इथे लिहा, भागाकार असेल तर आमच्या ट्रेडलाही तीच बोंब आहे, त्यावर सांगण्यासारखं बरंच आहे.