पिकोलो कुठे लिहायचा आणि कुठे गप्प बसवायचा

प्रश्न: आमचा माजी विद्यार्थ्यांचा बँड आहे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, गणपती असं वाजवतो. फ्लूटवाल्या एका मुलीने आता पिकोलो घेतलाय आणि अरेंजमेंट मी लिहितो. ट्रम्पेटवाले म्हणतात कान फाटतात, काढून टाक. खरंच गरज असते का त्याची?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: काढू नका हो! ट्रम्पेटवाल्यांनी दुसऱ्याच्या आवाजाबद्दल तक्रार करावी हेच जरा गमतीचं आहे, पण ते जाऊ दे. तुम्ही बहुतेक फ्लूटचीच लाइन पहिल्यापासून शेवटपर्यंत पिकोलोला दिली असणार, बरेच जण तेच करतात, आणि मग कान फाटणारच.

पिकोलो म्हणजे फ्लूटच्या जेमतेम निम्म्या लांबीचा, लिहितो त्याच्या एक सप्तक वर वाजतो. अगदी टोकाचा सा (म्हणजे पाश्चात्त्य सी) ४,००० हर्ट्झच्या वर जातो म्हणजे पियानोची शेवटची पट्टी, आणि आपला कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. वर बँडमधलं दुसरं कुणी तिथे मूळ सूर सहसा वाजवत नाही, त्यामुळे दादरच्या सिग्नलला एवढ्या हॉर्नमधूनही पोलिसाची शिट्टी ऐकू येते तसा हा एकटा अख्ख्या ब्रासच्या (ट्रम्पेट, ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांच्या) वरून ऐकू येतो. जोर लावावा लागत नाही, जागा मोकळी असते म्हणून. ही मोकळी जागा तुम्ही कधी वापरता त्यावर सगळं आहे.

बीथोव्हनची पाचवी सिम्फनी घ्या, १८०८ ची. पहिल्या तीन भागात पिकोलो नाहीच, चौथ्यात ट्रॉम्बोन आणि कॉन्ट्राबसून (खूप खालच्या सुरांचं फुंकवाद्य) यांच्याबरोबर येतो आणि एकदम छत उघडल्यासारखं वाटतं. पहिल्यापासून वाजत असता तर कुणाला कळलं पण नसतं. बँडमध्ये तर अमेरिकन संगीतकार सूझाचा मार्च ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर’ आहेच, १८९७ मध्ये पहिल्यांदा वाजलेला, त्याच्या ट्रायोत (मार्चच्या उत्तरार्धातल्या भागात) मुख्य चाल खाली चालू राहते आणि पिकोलो वर स्वतःची वेगळीच नक्षी काढतो, बरेचदा वाजवणारे उठून पुढे येऊन उभे राहतात. तुम्हाला हेच करायचंय, चाल ट्रम्पेटलाच ठेवा (ते पण खूश), चाल दुसऱ्यांदा येईल तेव्हा पिकोलोला वर ट्रिल (दोन शेजारच्या सुरांची झपाट्याची अदलाबदल), छोट्या धावत्या ताना द्या, आणि आधीचे सोळा बार (तालाची आवर्तनं) पूर्ण गप्प. चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीत तिसऱ्या भागात पिकोलोला एवढासा तुकडा आहे पण तो इतका चपळ आहे की जगभर ऑडिशनला तोच विचारतात.

आणि खालचे सूर विसरू नका, माझ्या मते खरी मजा तिथे आहे. पोकळ, थोडा हवेचा, एकटा आवाज. रशियन संगीतकार शोस्ताकोविचने हा बरोबर ओळखला होता. फक्त मागे ड्रम नको, नाहीतर काहीच ऐकू येणार नाही. सगळ्यात खाली लिहायचा सूर रे, त्याच्या खालचा सा या वाद्यावर साधारणपणे नसतो, फ्लूटचा पार्ट तसाच कॉपी केलात तर इथे अडकाल.

दोन गोष्टी अजून. एकच मुलगी फ्लूट आणि पिकोलो दोन्ही वाजवत असेल तर वाद्य बदलायला चारपाच बार तरी द्या. आणि जुने अमेरिकन मार्च नेटवरून उतरवत असाल तर पार्टवर काय लिहिलंय ते बघा, डी फ्लॅट पिकोलोचे (सी पिकोलोपेक्षा अर्धा सूर वर वाजणाऱ्या जुन्या प्रकाराचे) पार्ट असतात, ते आजच्या सी पिकोलोवर तसेच वाजवले की सगळं अर्धा सूर खाली, आणि मग भांडण ट्यूनिंगवरून होतं. दुसरा पिकोलो घ्यायचा मोह झाला तर टाळा, एवढ्या वर दोघांचे सूर केसभर सरकले तरी मध्ये गरगर ऐकू येते.

एनसीपीएला (नरिमन पॉइंटच्या कला केंद्रात) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा प्रोग्राम असेल तेव्हा त्या मुलीला घेऊन जा, आणि पिकोलोवाला किती वेळ नुसता बसलाय ते मोजायला सांगा.

प्रश्न: पहिला पिकोलो लाकडी घ्यावा का?
– एक पालक, गिरगाव

उत्तर: मुलांच्या बँडसाठी नको. लाकडाचा आवाज गोड असतो, वादच नाही, पण आपल्याकडे बाहेर जुलैची दमट हवा आणि आत हॉलचा एसी, असं सारखं बदललं की लाकडाला चीर जाऊ शकते. प्लास्टिक बॉडीचा घ्या, उन्हात पावसात चालतो, आणि आधी फ्लूटवर सूर पक्का होऊ दे.